दुसऱ्याच्या श्वासाचा मुलाहिजा

मुंबईहून नेवार्ककडे निघालेल्या विमानात जेवणाची तबके उचलली जाऊन दिवे मंद झाले, की शौचकूपाकडे जाणाऱ्या नव्या प्रवाशाची दृष्टी त्याच्या अरुंद दारास बसविलेल्या एका लहानशा धातूच्या कप्प्यावर पडते आणि तो क्षणभर घोटाळतो. कारण तो कप्पा म्हणजे रक्षापात्र असते, आणि जवळच सिगारेटवर तिरपी रेघ ओढलेली मनाईची खूणही असते. अमेरिकेस जाणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या प्रवासी विमानांत २००० सालापासून धूम्रपान कायद्याने पूर्णपणे बंद असताना हे रक्षापात्र तेथे कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे त्या देशात काढल्यानंतर मला असे वाटते, की तेथील रीतिरिवाजांची किल्ली ह्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. १९७३ साली पॅरिसजवळ एका ब्राझिलियन विमानाच्या शौचकूपात लागलेल्या आगीने १२३ माणसांचा बळी घेतला. कागदांनी भरलेल्या टोपलीत पडलेले एक जळते थोटूक असा अनर्थ करू शकते. म्हणून मनाई मोडणारा कोणी निघालाच, तर त्याला ते विझविण्यास निर्धोक जागा हाताशी असावी, अशी तजवीज विमानबांधणीच्या नियमांनी आजतागायत करून ठेवली आहे. शेजारी झोपलेल्या दोन-तीनशे जिवांची ती काळजी आहे. तेव्हा रक्षापात्र आहे म्हणजे मुभा आहे, असा अर्थ कोणीही काढू नये. आणि तेथील धूरशोधक यंत्रास हात लावणे हा तर स्वतंत्र अपराध असून त्याचा दंड हजारो डॉलरांच्या घरात जातो, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलाबाळांच्या भेटीसाठी प्रथमच अमेरिकेस निघालेल्या मराठी वाचकांकरिता हा लेख आहे. धूम्रपान करणाऱ्यांस तो अधिक उपयोगी पडेल. परंतु ज्यांनी आयुष्यात विडीस स्पर्श केला नाही त्यांनीही तो वाचावा, कारण धुरासंबंधी जो दंडक तेथे रूढ आहे, तोच थोड्याफार फरकाने तेथील सर्व नित्य व्यवहारांत लागू पडतो.

नजर आणि श्वास

आपल्याकडे धूम्रपानास मर्यादा नव्हती असे म्हणता येणार नाही. वडील माणूस गल्लीच्या टोकाशी दिसताच पेटती विडी मुठीत दडविणारा, चुलत्यांच्या वहाणांचा आवाज ओसरीवर येताच थोटूक खिडकीबाहेर टाकून घाईघाईने बडीशेप तोंडात टाकणारा तरुण महाराष्ट्रातील प्रत्येक गावाने पाहिलेला आहे. आणि पन्नाशी उलटून स्वतः आजोबा झालेला गृहस्थही आपल्या वडिलांसमोर तंबाखूची डबी काढीत नसे. ही अदब खरी होती आणि तिच्यामागील आदरही खरा होता. परंतु ती नजरेची मर्यादा होती. कोणाच्या देखत ओढावयाची आणि कोणाच्या माघारी, एवढाच तिच्यापुढील प्रश्न. आणि ज्यांचा मुलाहिजा राखावयाचा ते सारे आप्त, वडील, गुरुजन. एस.टी.च्या बाकावर शेजारी बसलेली अनोळखी बाई आणि तिच्या मांडीवरील खोकणारे मूल ह्यांना त्या मर्यादेत स्थान नव्हते.

अमेरिकेतील मर्यादा श्वासाची आहे. तेथे मुलगा बापाच्या समोर सिगारेट पेटवील आणि त्यात बेअदबी झाली असे दोघांपैकी कोणासही वाटणार नाही. परंतु तोच मुलगा पेटविण्यापूर्वी वारा कोणीकडून वाहतो आहे हे पाहील, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकास कोणी अनोळखी माणूस बसलेला असेल तर उठून वीस पावले दूर जाईल. आपण नजर राखावयास शिकलो आणि तेथे जाऊन श्वास राखावयास शिकावयाचे आहे, एवढे एकच सूत्र मनात बिंबले, तर पुढील बहुतेक नियम पाठ करण्याची गरज उरणार नाही.

ही मर्यादा त्या देशातही फारशी जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पाहुण्यापुढे रक्षापात्र सरकविणे हा तेथे आतिथ्याचाच भाग होता, आणि कचेऱ्या, उपाहारगृहे, आगगाड्या, इतकेच काय इस्पितळेही धुराने भरलेली असत. ११ जानेवारी १९६४ रोजी, शेअरबाजारावर एकाएकी परिणाम होऊ नये म्हणून मुद्दाम शनिवार साधून, सर्जन जनरल, म्हणजे तेथील केंद्र सरकारचे प्रमुख आरोग्याधिकारी, ल्यूथर टेरी ह्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्या सुमारास तेथील प्रौढांपैकी शेकडा ४२ जण सिगारेट ओढीत. २०२२ सालापर्यंत हे प्रमाण शेकडा ११-१२ वर आले होते. तथापि १९६४ चा अहवाल बोलत होता तो ओढणाऱ्याच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. खरा पालट झाला तो शेजाऱ्याच्या प्रकृतीचा विचार सुरू झाल्यावर. १९७५ साली मिनेसोटा राज्याने सार्वजनिक जागांत धूम्रपान न करणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था बंधनकारक केली. १९८६ साली सर्जन जनरल कूप ह्यांनी दुसऱ्याच्या धुरामुळे न ओढणाऱ्यासही रोग जडतात असे अधिकृतपणे सांगितले, आणि २००६ च्या अहवालाने त्यापुढे जाऊन अशा धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही असा निर्वाळा दिला. दरम्यान १९८८ पासून दोन तासांपर्यंतच्या आणि १९९० पासून जवळजवळ सर्व देशांतर्गत विमानप्रवासांत मनाई झाली; कॅलिफोर्नियाने १९९५ साली कामाच्या जागा आणि १९९८ साली मद्यालयेही धूरमुक्त केली; न्यूयॉर्क शहराने २००३ साली तीच वाट धरली. गिऱ्हाईक तासाभराने उठून जातो, परंतु पेले भरणारा आणि मेज पुसणारा नोकरमाणूस आठ-आठ तास तोच धूर गिळीत असतो, हा ह्या कायद्यांमागील मुख्य युक्तिवाद होता.

फलक वाचण्याची सवय

सर्व राज्यांस सारखाच लागू पडेल असा एकच केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही, आणि म्हणून एका राज्यात अंगवळणी पडलेला शिरस्ता दुसऱ्या राज्यात कामास येईलच असे नाही. वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक जागेच्या दारापासून, उघडणाऱ्या खिडकीपासून आणि हवा आत खेचणाऱ्या झडपेपासून २५ फूट दूर राहावे लागते. इलिनॉय राज्यात हेच अंतर १५ फूट आहे. कॅलिफोर्नियात सरकारी इमारतींपासून २० फूट. न्यूयॉर्क शहरात २०११ पासून बागा आणि समुद्रकिनारेही धूम्रपानास बंद आहेत; उलट लास व्हेगासच्या जुगारगृहांत आजही धूर दिसेल. अनेक विद्यापीठांची आवारे संपूर्णपणे, म्हणजे वाहनतळासकट, धूरमुक्त आहेत. तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या कागदपत्रांसोबत आपल्या विद्यापीठाचे हे धोरणही वाचून ठेवावे.

मात्र फूट मोजीत बसण्यापेक्षा त्या अंतराचा हेतू समजून घेणे बरे. हिवाळ्यात बर्फाच्या वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून दाराच्या छपराखाली उभे राहण्याचा मोह प्रत्येकास होतो. परंतु दार दर मिनिटास उघडते आणि दर वेळी धूर आत खेचला जातो. वर एखादी खिडकी बोटभर उघडी असते आणि तिच्या आत कोणी आजारी असतो. ह्यासाठी उभे राहण्याची जागा निवडताना दार, खिडकी, मुले आणि रांग ह्या चार गोष्टी पाहाव्यात. कायदा आपल्याकडेही आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास भारतभर मज्जाव आहे. परंतु आपल्याकडे कोणी हटकीत नाही म्हणून ज्यांना सवय जडली आहे त्यांनी हे ओळखून असावे, की तेथे साधा अनोळखी नागरिकही, आवाज न चढविता, आपणांस बाजूस होण्यास सांगेल. अशा वेळी हुज्जत घालू नये. ‘सॉरी’ एवढे म्हणून दूर व्हावे. त्यात कसलीही मानहानी नाही.

बाष्पाची सिगारेट, म्हणजे ज्याला तेथे ‘व्हेप’ म्हणतात ती, धुराची नव्हे म्हणून चालेल, असा समज करून घेऊ नये. पुष्कळ ठिकाणी तिलाही हेच नियम लावतात. गांजाविषयी मात्र विशेष ताकीद देणे मला अगत्याचे वाटते. काही राज्यांत तो दुकानात उघडपणे मिळतो; परंतु केंद्रीय कायद्याने तो आजही निषिद्धच आहे, आणि परदेशी नागरिकांचा प्रवेश व वास्तव्य हे सर्वस्वी केंद्र सरकारच्या अखत्यारीतील विषय आहेत. मित्रांच्या संगतीत सहज घेतलेला एक झुरका, किंवा तो घेतल्याची नुसती कबुलीही, व्हिसाच्या कामी भोवू शकते. आपल्या मुलांना निरोप देताना आईबापांनी ही गोष्ट संकोच न करता स्पष्ट शब्दांत सांगावी.

विकत घेताना

२० डिसेंबर २०१९ पासून सबंध देशात एकवीस वर्षांखालील कोणासही तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. आणि ज्याचे वय तिशीच्या आत आहे अशा गिऱ्हाइकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहणे दुकानदारास आता बंधनकारक आहे. तो पारपत्र मागतो म्हणजे आपल्यावर संशय घेतो असे मनात आणू नये. आपल्या नाक्यावरील टपरीवर सुटी सिगारेट घेऊन दोरीच्या जळत्या टोकावर पेटविण्याची जी सोय आहे, तीही तेथे नाही: वीसपेक्षा कमी सिगारेटींची विक्री बेकायदा आहे. न्यूयॉर्क शहरात २०१८ साली एका पाकिटाची किमान किंमत १३ डॉलर ठरविण्यात आली. पाकीट असे महाग असल्यामुळे, आपल्याकडे मैत्रीची खूण म्हणून ‘एक दे रे’ असे ज्या सहजतेने म्हटले जाते, तितक्या सहजतेने तेथे सिगारेट मागू नये. आणि कोणी आपणहून दिलीच, तर त्याची परतफेड लक्षात ठेवून करावी.

यजमानाच्या घरी

अमेरिकेतील माझ्या पहिल्या शरद ऋतूत कचेरीतील एका वयस्क सहकाऱ्याने मला जेवावयास बोलाविले होते. त्या काळी मी ओढीत असे. जेवण उरकल्यावर मी खिशातून पाकीट काढून मेजावर ठेवले आणि कोणास काही न विचारता काडी ओढली. त्याच्या पत्नी काही बोलल्या नाहीत. त्या उठल्या आणि बाहेर कडाक्याची थंडी असतानाही त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी वर सरकविली. थोड्या वेळाने तो गृहस्थ माझा कोट घेऊन आला आणि म्हणाला, ‘चला, तुम्हांला आमची बाग दाखवितो.’ बाहेर अंधार होता आणि गळून पडलेल्या पानांपलीकडे बागेत पाहण्यासारखे काही उरले नव्हते. मी दुसरी सिगारेट ओढून संपवीपर्यंत तो स्वतः न ओढता, हात खिशात घालून, माझ्याशी गप्पा मारीत त्या थंडीत उभा राहिला. त्या दोघांनी त्या रात्री मला दोनदा नकार दिला होता, हे मला कळावयास पुढे कित्येक महिने जावे लागले.

ह्या प्रसंगातून मी जे शिकलो ते असे. पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या घरात ओढण्याचा विचारच मनात आणू नये. यजमान स्वतः ओढणारा असला तरी तो बहुधा बाहेर जाऊनच ओढतो. दुसरी गोष्ट, बाहेरही विचारल्याशिवाय पेटवू नये. तेथे विचारण्याची रूढ पद्धत ‘डू यू माइंड इफ आय स्मोक?’ अशी आहे, आणि तिच्यातील ‘माइंड’ म्हणजे आपली ‘हरकत’. हरकत आहे का, असा प्रश्न असल्यामुळे ‘नो’ म्हणजे संमती आणि ‘येस’ म्हणजे नकार होतो. हाच प्रश्न आपणांस कोणी विचारला आणि आपण सौजन्याने मान डोलावून ‘येस, येस’ म्हणालो, तर विचारणारा बिचारा पाकीट पुन्हा खिशात घालील. घोटाळा टाळावयाचा असेल तर ‘प्लीज, गो अहेड’ किंवा ‘आय वुड रादर यू डिडन्ट’ असे पूर्ण वाक्य बोलावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आम्हां मराठी माणसांस सर्वांत अवघड. आपण आग्रहाच्या संस्कृतीत वाढलेले आहोत. पंगतीत ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी पडते, आणि ती पडली नाही तर त्यालाच चुकल्यासारखे होते. पहिला नकार हा आपल्याकडे शिष्टाचाराचा असतो आणि खरा नकार तिसरा. अमेरिकेत पहिला नकार हाच खरा आणि अखेरचा असतो, आणि तो फार मृदू शब्दांत येतो. ‘मागचा सज्जा फार छान आहे’, ‘धाकट्याला दम्याचा त्रास आहे’, ‘आम्ही शक्यतो बाहेरच बसतो’ ह्या वाक्यांपुढे ‘एकच ओढतो’ असे म्हणण्यास जागा उरत नाही. हाच नियम उलट बाजूनेही पाळावा: तेथील पाहुण्याने दुसऱ्या वाढपास नको म्हटले, की ताट मुकाट्याने बाजूस सारावे.

ओढून झाल्यावर थोटूक कुंडीत, गवतात किंवा नाल्याच्या जाळीत टाकू नये. त्याचा गाळणीचा भाग सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचा असून तो लवकर कुजत नाही. आणि कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या मुलखात मोटारीतून फेकलेले जळते थोटूक अख्खा डोंगर पेटवू शकते, म्हणून त्याबद्दल जबर दंड आहे. झाकणाची एक लहानशी डबी खिशात बाळगावी आणि थोटके तिच्यात घालून कचऱ्याच्या पिंपापर्यंत न्यावीत. आत परतताना हात साबणाने धुवावेत, चूळ भरावी आणि शक्य तर बाहेरचा कोट बाहेरच टांगावा. कारण धुराचा दर्प कपड्यांत आणि केसांत ओढणाऱ्याच्या समजुतीपेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळतो.

भाड्याचे घर, मोटार, हॉटेल

घराचा करारनामा सही करण्यापूर्वी त्यातील धूम्रपानाचे कलम अवश्य वाचावे. बहुतेक करारनाम्यांत घरात, आणि पुष्कळशांत सज्जातही, ओढण्यास मनाई असते. सार्वजनिक गृहयोजनांमध्ये तर २०१८ पासून इमारतीच्या आत आणि तिच्यापासून २५ फुटांपर्यंत ती केंद्रीय नियमानेच आहे. घर सोडताना पिवळटलेल्या भिंती आणि वास मुरलेले गालिचे आढळले, तर रंगरंगोटीचा खर्च अनामत रकमेतून वळता केला जातो आणि त्यावर फिर्याद करून सहसा काही हाती लागत नाही. चारजणांनी मिळून बिऱ्हाड केले असेल तर पहिल्याच आठवड्यात हा विषय मोकळेपणाने बोलून ठरवून घ्यावा. हॉटेलच्या खोलीत किंवा भाड्याच्या मोटारीत एखादी सिगारेट ओढल्याबद्दल दोन-तीनशे डॉलर साफसफाईच्या नावाने आकारले जाणे हीही नित्याची बाब आहे. स्वतःच्या मोटारीत मूल असेल तर कित्येक राज्यांत तेथेही मुभा नाही. कॅलिफोर्नियात २००८ पासून त्याबद्दल १०० डॉलरपर्यंत दंड आहे.

पान, तंबाखू आणि थुंकी

एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर, शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर किंवा न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये पानाचे ठेले दिसले, की घरच्या आठवणीने मन भरून येते. परंतु त्याच ठेल्यांच्या आसपास पदपथावर आणि भिंतींच्या कोपऱ्यांत ओळखीचे लाल डागही दिसतात, आणि ते पाहून मला मनापासून लाज वाटते. न्यूयॉर्क शहराने क्षयरोगाच्या भीतीने सार्वजनिक जागी थुंकण्यावर १८९६ सालीच बंदी घातली. म्हणजे लोकमान्यांच्या हयातीत, पुण्यात प्लेगचा कहर सुरू होण्यापूर्वी, तेथे हा प्रश्न कायद्याने मिटविण्यास आरंभ झाला होता. तेथील माणसाच्या दृष्टीने थुंकणे हा धुराहूनही मोठा अपराध आहे. पान खावयाचे तर ते घरी, जेवणानंतर, पिकदाणी अथवा बेसिन जवळ असताना खावे. गुटख्यावर २०१२ साली खुद्द महाराष्ट्रानेच बंदी घातलेली असता, तो सामानात दडवून नेणाऱ्यांस काय म्हणावे?

तोच दंडक, इतर व्यवहारांत

दुसऱ्याच्या श्वासाविषयी जे सांगितले, तेच त्याच्या जागेविषयी, वेळेविषयी आणि खासगीपणाविषयी समजावे. रांगेत पुढील माणसापासून हातभर अंतर सोडावे. ते अंतर पाहून मध्ये घुसण्यास जागा झाली असे समजू नये. पैसे काढण्याच्या यंत्रापाशी तर चार पावले मागेच थांबावे. उद्वाहकातून आतील माणसे बाहेर पडल्यावरच आत शिरावे. दार ढकलून आत जाताना मागे कोणी येत असल्यास ते धरून ठेवावे, आणि आपल्यासाठी कोणी धरले तर आभार मानल्याशिवाय पुढे जाऊ नये. चुकून खांदा लागला, इतकेच नव्हे तर कोणाच्या समोरून जावे लागले, तरी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणण्याचा प्रघात आहे.

न कळविता कोणाच्या दारी जाऊ नये. आपल्याकडे ‘इकडून जात होतो, म्हटले डोकावून जावे’ ह्यात जिव्हाळा आहे. तेथे तोच जिव्हाळा आधी निरोप धाडून, ‘यावयास सवड आहे का?’ असे विचारण्यात आहे. सातचे आमंत्रण असेल तर सातला किंवा पाच-दहा मिनिटे उशिराने पोचावे, परंतु आधी मुळीच जाऊ नये, कारण यजमान तोवर स्वयंपाकात गुंतलेले असतात. निमंत्रणपत्रावर येणार की नाही ते कळविण्यास सांगितले असेल तर उत्तर अवश्य धाडावे आणि आगंतुक पाहुणा सोबत नेऊ नये. ‘हाउ आर यू?’ हा प्रश्न बहुधा नमस्काराच्या जागी असतो. ‘फाइन, थँक यू’ म्हणून तोच उलट विचारावा. पगार, वय, वजन, लग्न, मूलबाळ आणि धर्म ह्यांविषयी त्या माणसाने स्वतः विषय काढीपर्यंत चौकशी करू नये.

उपाहारगृहात बक्षीस देणे हा ऐच्छिक औदार्याचा भाग नाही. वाढप्यास तासाला २.१३ डॉलर इतके अल्प रोख वेतन देऊन उरलेली मजुरी बक्षिसातून भरून काढण्याची मुभा केंद्रीय कायद्याने मालकांस दिलेली आहे. कित्येक राज्यांत किमान वेतन अधिक आहे, तरी बिलाच्या शेकडा १५ ते २० इतकी रक्कम ठेवण्याचा शिरस्ता सर्वत्र पाळला जातो. ती न देणे म्हणजे त्याची मजुरी बुडविणेच होय.

आणखी एक नाजूक गोष्ट. बंद काचांच्या घरात हिंग-मोहरीची फोडणी दिली, की तिचा वास खुंटीवरील लोकरी कोटात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत आपल्याआधी तो पोचतो. आपल्या अन्नाची लाज बाळगण्याचे काहीएक कारण नाही. ते प्रेमाने रांधावे आणि शेजाऱ्यांनाही वाढावे. केवळ कोट कपाटात बंद करावा, स्वयंपाकाच्या वेळी धूर ओढणारा पंखा लावावा आणि घराबाहेर पडण्यापूर्वी कपडे बदलावेत. धूम्रपान करणाऱ्याकडून आपण ज्या दक्षतेची अपेक्षा करतो, ती स्वतःही पाळणे न्यायाचे आहे.

आपणांस धुराचा त्रास होत असेल तर

श्वासाची ही मर्यादा आपल्याही संरक्षणासाठी आहे, हे नवागतांस, विशेषतः आपल्या भगिनींस, सांगावेसे वाटते. निमूटपणे धूर सोसणे आपल्या हाडीमासी इतके खिळलेले आहे, की सहनिवासी खोलीत ओढतो हे विद्यार्थी महिनोन् महिने कोणास सांगत नाहीत. तेथे सांगण्याने संबंध बिघडत नाहीत. न सांगता कुढण्याने बिघडतात. ‘मला धुराचा त्रास होतो, आपण बाहेर ओढाल का?’ असे सौम्यपणे पण स्पष्ट म्हणावे. त्याने न भागल्यास घरमालकास किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापकास लेखी कळवावे. आणि ज्यांना ही सवयच सोडावयाची असेल त्यांच्यासाठी १-८००-७८४-८६६९ ह्या दूरध्वनी क्रमांकावर प्रत्येक राज्यात विनामूल्य सल्ला मिळतो. निकोटिनच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचूनही मिळतात. नवा देश, नवी दिनचर्या आणि पेटविण्यापूर्वी दर वेळी करावी लागणारी ती पायपीट, ह्यांमुळे सवय सोडण्यास ह्याहून अनुकूल काळ पुन्हा येत नाही. माझी तेथेच सुटली.

बाबांची खुर्ची

एका प्रश्नाविषयी मला नेहमी विचारणा होते: वडील किंवा सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत, विडी त्यांच्या जन्माची सोबतीण आहे, घरात तान्हे मूल आहे, त्यांना सांगावे कसे? ज्यांच्या नजरेसाठी आपण जन्मभर मर्यादा पाळली, त्यांनाच मर्यादा घालण्याची ही वेळ असते आणि मुलीच्या घशाशी शब्द अडकतात. एडिसनजवळ राहणाऱ्या एका परिचित कुटुंबात ही गोष्ट कशी पार पडली ते मी पाहिले आहे. साताऱ्याकडचे सत्तरी उलटलेले ते गृहस्थ आले, त्या पहिल्याच सकाळी लेकीने चहा पुढे ठेवून सांगितले, ‘बाबा, तुमची खुर्ची मागच्या अंगणात झाडाखाली ठेवली आहे. थोटकांसाठी वाळूचा डबाही तिथंच आहे. दाराशी खुंटीवर एक जुना स्वेटर अडकवलाय, तो घालून बसा आणि आत येताना तिथंच काढून ठेवा, म्हणजे बाळाला लगेच घेता येईल तुम्हांला.’ तिने निषेधाचा एक शब्दही उच्चारला नाही, धुराच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिले नाही. बापाची खुर्ची मात्र मानाने मांडून ठेवली. म्हाताऱ्यांनी कपबशी खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आठवड्याने मी पुन्हा गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मागचे दार उघडले, म्हातारे आत आले, त्यांनी स्वेटर काढून खुंटीस अडकविला, मोरीशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा चूळ भरली आणि पंचाने मिशा कोरड्या केल्या. मग पाळण्यापाशी येऊन, आपल्या हातांचा एकवार वास घेऊन, त्यांनी ते नातीपुढे पसरले.